घरचा कॉम्प्युटर बंद करू नका

३ फेब्रुवारी

प्रिय आई,

काल संध्याकाळी शाळेवर नीट पोहोचले. शेवटच्या चढावर गाडी दोनदा धापा टाकत थांबली. गाडी चालवणारे मफलरवाले काका म्हणाले, "तुझ्या आईने मागून माइकवर नुसतं नाव पुकारलं असतं ना, एका दमात चढली असती." सगळी गाडी हसली. मीही हसले आणि मग खिडकीकडे तोंड करून बसले.

इथे डोंगरावर मोबाइल लागत नाही, आणि लागला असता तरी डॉक्टरांनी तुला दिवसाकाठी थोडाच वेळ बोलायची मुभा दिली आहे, फोनवर तर बंदीच. तेव्हा ड्रायव्हरच्या हाती पाकीट द्यायची आपल्या डेपोची जुनी रीतच बरी. सकाळच्या पहिल्या गाडीने तुझं पत्र वर येईल, परतीच्या गाडीने माझं खाली.

डॉक्टरांचं बोलणं अजून कानात आहे. "गाठ जाईल, बाई राहतील, आवाज राहणार नाही. स्वरयंत्रच काढावं लागेल." इतक्या साध्या स्वरात बोलले की जणू एखादा दात काढायचा होता. इतकी वर्षं घोषणा देणाऱ्या ज्या आवाजावर सगळा बसस्टँड हलला, तो अठ्ठावीस तारखेनंतर नसणार. म्हणून तर मी कॉम्प्युटरचा हट्ट धरला. तुझी रोजची वाक्यं तुझ्याच आवाजात भरून ठेवू. मग हवं ते बटण दाबलं की तूच बोलशील. कुठल्यातरी यंत्रातली बाई आपल्या घरात बोलायला नको.

जुन्या सिस्टिमवर आवाज भरायला घेतला की कॉम्प्युटर मध्येच गोठायचा, ते तू पाहिलंसच. तिची डागडुजी कंपनीने केव्हाच थांबवली. म्हणून मी कॉलेजच्या गटातून आणलेल्या पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे दुसरी सिस्टिम, सुरू करून दिलं. मुद्दाम नवशिक्यांसाठी बनवलेलं आहे ते. कुठकुठल्या अनोळखी माणसांनी आपला वेळ घालून ते बनवलं आणि सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं. हे सांगताना मला भरून येतं आणि तू पाटीवर लिहितेस, "भाषण संपलं का?"

पुन्हा एकदा सांगते, कारण निघताना घाई झाली. सध्या ते फक्त वापरून बघायला आहे. ते पेनड्राइव्हवरून चालतं, कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कला हातही लावत नाही. तुझे फोटो, बाबांचे वायरिंगचे नकाशे जिथल्या तिथे आहेत. तुझ्या हातून काहीही बिघडू शकत नाही. चोवीस तारखेला मी रजेवर आले की आधी फोटो दुसरीकडे काढू, मग लिनक्स कायमचं बसवू, आणि मग आपण दोघी बसून वाक्यं भरू. तोवर नुसता सराव कर. लाल गोळा दाबला की सुरू, चौकोन दाबला की बंद, मग नाव देऊन फोल्डरात ठेवायचं. सुरू करताना येणाऱ्या त्या काळ्या पानाची तुला धास्ती वाटते, तर बंदच करू नकोस. राहू दे चालू.

तुला भीती वाटते का, आई? खरं सांग.

तुझी,
मास्तरीण


७ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

पत्र मिळालं. मफलरवाल्यांनी दाराशी येऊन दिलं आणि मी बोलत नाही म्हणून तेही खुणा करत राहिले. हाताने विचारलं, चहा आहे का. मी मनात म्हटलं बरं आहे, सगळा डेपो मुका झाला तर मला सोबत होईल.

माझ्या जागी आलेली मुलगी बरी आहे, पण आकडे गिळते. "फलाट क्रमांक" इथपर्यंत छान येते आणि नेमकं सांगायचं ते तोंडातल्या तोंडात. आपली खिडकी डेपोच्या भोंग्यासमोर, तेव्हा मला सगळं ऐकावं लागतं. लोक चौथ्या फलाटावरून सातव्यावर धावतात, सातव्यावरून परत चौथ्यावर. मी खिडकीत उभी राहून बोटं दाखवते. काल एका म्हाताऱ्याने मला नमस्कारच केला.

तुझ्या लिनक्सची आणि माझी गट्टी जमते आहे. चित्रं मोठी आहेत, उगाच मधे मधे काही विचारत नाही. फक्त त्या पडद्यावर कोपऱ्यात एक गोल तबकडीचं चित्र आहे, खाली "इन्स्टॉल" असं आहे. तू म्हणाली होतीस त्याने कायमचं बसतं. माझा हात अलीकडे थोडा कापतो. बाण चुकून तिथे गेला आणि सगळे फोटो पुसले गेले तर? म्हणून मी औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी काढून पडद्यावर, बरोबर त्या चित्रावर लावून टाकली. आता दिसतच नाही. वापरून बघायचं म्हटलं की मला काही वाटत नाही. कायमचं म्हटलं की हात मागे घेते.

परवा दुपारी वीज गेली. कॉम्प्युटरखालचा बॅटरीचा डबा टूं टूं करायला लागला, दोन-तीन मिनिटांत वीज परत आली तेव्हा गप्प झाला. तुझे बाबा जेवायला आले होते. म्हणाले, "हा पाच मिनिटांचा सोबती, याच्यावर काय विसंबायचं." दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून बसची एक बाद झालेली बॅटरी खांद्यावर घालून आणली आणि डब्याला जोडली. म्हणाले, आता निदान पाऊण तास तरी ओढेल. मी पाटीवर लिहिलं, "गिअर पण बसवा." त्यांनी ते गांभीर्याने घेतलं.

सरावाला म्हणून चार-दोन वाक्यं भरते आहे. एकट्या "अहो"चेच सहा प्रकार भरले. चहा झाला आहे तो अहो, पाहुण्यांसमोर गप्प बसा तो अहो, किल्ली कुठे ठेवलीत तो अहो, असे. यांना ऐकवले. सहाही बरोबर ओळखले. संसार फुकट नाही गेला.

भीतीचं म्हणशील तर छे. भीती कसली? तू मुलांकडे बघ.

तुझी,
आई


११ फेब्रुवारी

प्रिय आई,

"अहो"चे सहा प्रकार वाचून मी शिक्षकांच्या खोलीत एकटीच हसत बसले. मुख्याध्यापिकाबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, आमच्यात सहाच्या सहा एकाच सुरात असतात आणि नवरा सगळ्यांना "हं" म्हणतो.

ती चिकटपट्टी काढून टाक गं. त्या चित्रावर बाण गेला, अगदी दाबला गेला, तरी ते आधी चार वेळा विचारतं. तू उगाच घाबरतेस. माझ्यावर विश्वास ठेव, त्या कॉम्प्युटरमध्ये तुझ्या हातून बिघडेल असं काही नाही.

इथे परीक्षा सुरू झाल्या. पहिलीची मुलं पेपरावर नाव लिहिण्यातच दमतात. हजेरी घेताना मी तुझी नक्कल करते, प्रत्येक नावाचं शेवटचं अक्षर नीट ऐकू जाईल असं. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही हाक मारली की कुठेतरी जायचं असल्यासारखं वाटतं."

तू घाबरत नाहीस हे वाचून मला धीर येतो. मला मात्र भीती वाटते. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की वाटते. तुझा आवाज कसा आहे ते आठवून बघते आणि कधी कधी नेमका आठवत नाही, तेव्हा तर हातातला खडू थांबतो. पण अजून दिवस आहेत. चोवीसला येतेच आहे.

तुझी,
मास्तरीण


१४ फेब्रुवारी

प्रिय बाळ,

शांतपणे वाच. तारीख अलीकडे आली आहे. सूज वाढली, डॉक्टर म्हणाले थांबण्यात अर्थ नाही. परवा सोळाला ऑपरेशन. उद्या साडेदहाच्या गाडीने आम्ही दोघं निघतो, दुपारी दाखल व्हायचं आहे.

तू येऊ नकोस. परीक्षा सोडून आलीस तर मला तिथे पडल्या पडल्या ती पोरं दिसत राहतील. जवळ एकालाच थांबू देतात, हे आहेतच.

आता एक कबूल करते. मी तुला सराव सराव म्हणत होते, तो सराव नव्हता. घशातला काटा रोज मोठा होतोय हे मला कळत होतं. चोवीसपर्यंत हा आवाज असाच राहील याचा भरवसा नव्हता. म्हणून तू गेलीस त्या दिवसापासूनच मी खरं भरायला घेतलं. डॉक्टरांनी दिलेल्या थोड्या वेळात जितकं बसेल तितकं. आता शंभराच्या वर वाक्यं झाली आहेत. दार लावून घे. आधी हात धू. मला नको, तू खा. किती वाळलीस. रिक्षावाले भाऊ, इथेच थांबवा. कोण आहे? तुझं नाव बारा तऱ्हांनी. आणि एक पूर्ण घोषणा, आपल्या पहिल्या गाडीची, फलाटासकट. ती कशाला लागेल ठाऊक नाही, पण ती नसती तर मला मीच ओळखू आले नसते.

आता ते भरणं पुन्हा होणे नाही. आज सकाळपासून आवाज निम्मा फाटला आहे. एकच राहिलंय, तुझ्यासाठीचं, ते उद्या निघता निघता भरेन, जसं येईल तसं.

हे सगळं मी तुझ्या त्या फोल्डरात नावं देऊन नीट ठेवलं आहे. उद्या निघताना तुझे बाबा मेन स्विच खाली करतीलच. गॅरेजमधली ती आग पाहिल्यापासून घर रिकामं सोडताना त्यांनी तो कधी वर ठेवलेला नाही. कॉम्प्युटर बंद होईल, पण मी म्हटलं होऊ दे. आपल्या घरात पहिली शिकलेली तू. तुझी पदवी त्या कॉम्प्युटरच्याच वर भिंतीला आहे. तू दोनदा लिहिलंस की काही बिघडू शकत नाही, म्हणजे नाही बिघडत.

चिकटपट्टी मात्र मी काढलेली नाही.

तुझी,
आई


१५ फेब्रुवारी, डोंगरावरच्या गाडीतळाच्या कंट्रोल केबिनमधून

आई,

हे पत्र मीच घेऊन खाली येते आहे. तरी लिहिते, कारण नुसतं बसवत नाही. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

पहिली गाडी आज उशिरा आली. तुझं पाकीट मी वर्गाच्या दारात उभ्या उभ्या फोडलं. ऑपरेशनची तारीख दोनदा वाचली, आणि मग पुढचं मेन स्विचचं वाचलं. मुलांना पेपरावर बसवून मुख्याध्यापिकाबाईंच्या ताब्यात दिलं आणि उतारावरून धावत सुटले.

आई, मी तुला अर्धंच सांगितलं होतं. त्यातलं चांगलं तेवढं अर्धं. वापरून बघायचं लिनक्स कॉम्प्युटरच्या डिस्कला हात लावत नाही, हे खरं. पण म्हणूनच तुझं काहीही त्या डिस्कवर गेलेलंच नाही. तो फोल्डर, त्यातली सगळी नावं, सगळं कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणात आहे. वीज आहे तोवर आहे. वीज गेली की ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसं जाईल आणि कुठलाही जाणकार ते परत आणू शकणार नाही. तू सराव करते आहेस असं समजून मी हे सांगायचं राहू दिलं. मध्यंतरी एकदा वीज गेली तेही मी हसत हसत वाचलं.

केबिनमधले कंट्रोलरकाका भले आहेत. या फोनवरून फक्त डेपो लागतात. आपल्या डेपोत कोणी उचलेना. साडेदहा होत आले होते. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मी बोलायला गेले तर माझाच आवाज फुटेना. काकांनी रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, "बाई कुठे असतील, घरी की गाडीत की फलाटावर, कोण शोधत बसणार? माइकवर सांगा. तो त्यांना कुठेही ऐकू येतो." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय सांगू?"

मी सांगितलं. पलीकडून "बरं" असं आलं आणि फोन बंद झाला. नंतर लागतच नाही. माइकवर ती नवी मुलगी असेल. ती आकडे गिळते. तिने हेच गिळलं तर?

परतीची गाडी अजून हलत नाही. ड्रायव्हर चहा पितो आहे. मी त्याच्याकडे बघते आहे आणि त्याला ते कळतंय. त्याने अर्धा कप ओतून टाकला. निघतो आहोत.


१५ फेब्रुवारी, हॉस्पिटल

पोरी,

पत्र लिहायची मला सवय नाही. मफलरवाले गाडी घेऊन परत जाणार आहेत, त्यांच्याकडे देतो. तू घरी पोहोचली असशील.

आम्ही गाडीत बसलो होतो. मेन स्विच मी खाली केला होता. नेहमीसारखा, हात आपोआप जातो. खाली करून, कुलूप लावून, दोनदा ओढून बघून आलो. गाडी सुटायला थोडा वेळ होता. तेवढ्यात भोंगा बोलला. "डेपोचे वायरमन आणि आपल्या घोषणावाल्या बाई, जिथे असाल तिथे लक्ष द्या. घरचा कॉम्प्युटर बंद करू नका. मेन स्विच वर ठेवा. बाईंचा आवाज त्यात आहे. मुलगी येते आहे." दोनदा. सगळा स्टँड शांत झाला. भेळेसारखी माणसं असतात तिथे, एक जण हलेना.

मला अर्थ कळला नाही, पण तुझ्या आईला कळला. तिने पाटीवर लिहिलं, "पळा."

या गुडघ्यांनी मी किती वर्षांत पळालो नव्हतो. कुलूप पटकन उघडेना. आतून डब्याचा टूं टूं ऐकू येत होता आणि तो आता सलग यायला लागला होता. म्हणजे बॅटरी जवळजवळ खलास. मी तिला पाऊण तास दिला होता, ती निम्म्यातच बसायला आली. मेन वर केला. डबा गप्प झाला. पडदा काळा होता. मी म्हटलं गेलं सगळं. मग माऊसला हात लागला आणि पडदा उजळला. चिकटपट्टी जिथल्या तिथे होती.

बाकी कशाला मी हात लावला नाही. परत पळालो. गाडी माझ्यासाठी उभी होती, फलाट सोडून अर्धी बाहेर. नियमात बसत नाही, पण कोणी बोललं नाही. गाडी निघाल्यावर तुझ्या आईने पाटीवर लिहिलं, "माइकवरच्या पोरीने एक अक्षर गिळलं नाही."

आता घर रिकामं आहे आणि मेन वर आहे. ती जुनी बॅटरी जोडलेली आहे, तिच्या वायरी मी घाईत बांधल्या होत्या. इथे बसून मला जळल्याचा वास येतोय. नर्स म्हणतात औषधाचा आहे. तुझ्या आईला काही बोललो नाही, उद्या तिला आत नेतील. तू आधी एवढंच कळव, घर आहे ना.

बाबा


१६ फेब्रुवारी, घरी

बाबा, आई,

घर आहे. आधी तेच लिहिते.

काल कुलूप उघडण्याआधी मी, बाबा, तुमची आगीची धास्ती आठवून दाराला हात लावून बघितला, गरम आहे का. गरम नव्हतं. वासही नव्हता. बॅटरीच्या वायरी कोमट होत्या, तेवढंच.

पण पडद्यासमोर बसले तर वेगळंच संकट दिसलं. आई, निघायच्या घाईत तू माझं वाक्य भरायला लाल गोळा दाबलास आणि चौकोन दाबायला विसरलीस. तेव्हापासून ते भरतच होतं. साडेदहाच्या आधीपासून रिकाम्या घराचा आवाज. तात्पुरत्या स्मरणात जागा ती किती, आणि ती तासागणिक भरत चालली होती. वरच्या कोपऱ्यात सूचना आली होती, जागा संपत आली म्हणून. तिचे शेवटचे शब्द तुझ्या चिकटपट्टीखाली गेले होते. मी पट्टी काढली नाही. का कोण जाणे, तिला हात लावायची हिंमत झाली नाही.

चौकोन दाबला. एक क्षण काहीच झालं नाही, नुसता बाण गोल गोल फिरत राहिला. बाबा, तुम्ही कुलपापाशी उभे होतात तेव्हा तुम्हाला जे वाटलं असेल, ते मला तेव्हा वाटलं. मग ते थांबलं. दुसरा पेनड्राइव्ह लावला, फोल्डर उचलून त्यात टाकला. किती उतरलं ते दाखवणारी पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकेपर्यंत मी खुर्चीच्या कडेवर बसून होते. भोंग्यावर तीन गाड्या पुकारल्या गेल्या, फलाटांसकट. पट्टी पूर्ण झाली. शेजारच्या दुकानात जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर एकेक वाक्य लावून बघितलं. सगळी आहेत. तिथे उभ्या गिऱ्हाइकांना तू आधी हात धू म्हणालीस आणि एकाने खरंच पँटला हात पुसले.

आता ते शेवटचं लांबलचक. ते मी घरी येऊन ऐकलं.

माझ्यासाठीचं वाक्य पहिलं आहे. फाटलेल्या आवाजात, पण प्रत्येक अक्षर सुटं. "दार उघडंच आहे, ये." ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं, किती वेळा ते सांगत नाही.

त्यानंतर खुर्ची सरकते. पिशवीची चेन लागते. आणि मग तू "अहो" म्हणतेस. फोल्डरातल्या सहांपैकी तो एकही नाही. मग तू म्हणतेस, "मला भीती वाटते हो." पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. मग बाबांचा आवाज, "मलाही वाटते. चल, गाडी लागली असेल." दार. मेन स्विचचा खट. टूं टूं, टूं टूं. लांबून भोंगा. मग धावणारी पावलं, कुलूप, परत खट, आणि बाबा कॉम्प्युटरला म्हणतात, "आहेस ना? आहेस. हलू नकोस हां, पोर येतेय."

आई, ते मी ऐकायचं नव्हतं. मी खरं सांग म्हटलं आणि तू छे म्हणालीस, याचा अर्थ ते तू मला द्यायचं नाही असं ठरवलं होतंस. फोल्डरातली तुझी वाक्यं सगळी माइकसमोर ताठ बसून भरलेली आहेत, सगळा स्टँड ऐकतोय अशी. घरातला आवाज तेवढ्या एका ठिकाणी आहे. तरी तो तुझा आहे. तो तुकडा मी वेगळा काढून ठेवलाय, कोणाला ऐकवलेला नाही. पुसू का? तू म्हणशील तसं. मोकळी झालीस की उत्तर दे, घाई नाही.

आत्ता अकरा वाजतायत. तुला आत नेलं असेल. मी कॉम्प्युटर अजून बंद केलेला नाही. आता सगळं दुसरीकडे सुखरूप आहे, बंद केला तरी काही जाणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी करवत नाही.

मास्तरीण


२० फेब्रुवारी, हॉस्पिटल

प्रिय बाळ,

आज बसून लिहायची परवानगी मिळाली. गाठ गेली. श्वास आता मानेतल्या भोकातून येतो, सवय होईल म्हणतात. हाक मारायला गेले की नुसती हवा जाते. पहिल्या दिवशी मी विसरून नर्सला हाक मारली आणि कोणीच वळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तुझे बाबा बरे आहेत. गंमत म्हणजे तेही मला सगळं पाटीवर लिहून विचारतात. "पाणी हवं का?" असं लिहितात आणि पाटी माझ्यासमोर धरतात. मी लिहिलं, "अहो, मला ऐकू येतं." तेव्हा पुसलं आणि परत लिहिलं, "बरं."

घर आहे हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा ते जिन्यात जाऊन बसले होते बराच वेळ. तोवर घराचं काय झालं ते ठाऊक नाही, आणि मी आत टेबलावर. ज्याच्या त्याच्या वाट्याला किती येतं बघ.

तू काय अर्धं सांगितलंस आणि काय राहिलं, त्यावर आता वर्गात उभी असल्यासारखी मान खाली घालू नकोस. मीही तुला अर्धंच सांगत होते. कॉम्प्युटर बंद कर. मग फोटो काढून घे आणि ते लिनक्स कायमचं बसवून टाक. चिकटपट्टी काढ, माझी परवानगी आहे. मी येईन तेव्हा ते बसलेलं असू दे.

आता तू विचारलंस ते. पुसू नकोस.

काल मानेचं ड्रेसिंग बदलत होते. जखम उघडी होती, आरशात दिसली. तेव्हा मला एक सांगायचं होतं. पाटीवर लिहिलं, तर आधी नर्सने वाचलं, मग शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी वाचलं, मग त्यांना भेटायला आलेल्यांनी वाचलं, आणि हे औषधं आणायला गेले होते. ते येईपर्यंत मी पुसून टाकलं. पडल्या पडल्या माझी सगळी वाक्यं आठवून बघितली. दार, चहा, किल्ली, रिक्षा, पहिली गाडी. शंभराच्या वर भरली आणि सगळी धीटपणाची. हे एक भरायचं मला सुचलंच नव्हतं, आणि पुढे सगळ्यात जास्त मला तेच लागणार आहे.

तेव्हा तो तुकडा फोल्डरात ठेव, पहिल्याच बटणावर, त्या सातव्या "अहो"सकट. फक्त यांचं उत्तर तेवढं कापून टाक. ते त्यांनी दर वेळी स्वतः द्यावं.

तुझी,
आई